सांगाडा बांधून वर कापड शिवलेली ग्रीनलंडी कयाक: माप, लाकूड, शिवण, वल्हं

उत्तरवारा

लाकडी सांगाडा दोऱ्याने बांधायचा आणि त्यावर कातडं ताणून शिवायचं, ही कयाकची (एकट्याने वल्हवायच्या, वरून झाकलेल्या अरुंद नावेची) मूळ रीत. आता कातड्याच्या जागी बहुतेक ठिकाणी कापड आलं आहे. या रीतीचेही प्रकार बरेच आहेत. अल्यूशियन बेटांवरच्या उनांगन लोकांची दुभंगलेल्या नाळेची (पुढच्या टोकाची) इक्याक वेगळी आणि ग्रीनलंडची वेगळी. हा धागा पश्चिम ग्रीनलंडच्या कयाकपुरता ठेवतो, नाहीतर शंभर प्रतिसाद होऊनही कुणाच्या हाती काही लागणार नाही.

ग्रीनलंडमध्ये नाव बांधण्याजोगी झाडं नाहीत. सैबेरियातल्या नद्यांतून समुद्रात आलेले ओंडके बर्फाबरोबर वाहत तिथल्या किनाऱ्याला लागत. त्यामुळे प्रत्येक तुकडा लागेल तेवढ्याच जाडीचा ठेवायची सवय पडली. वरून चार-पाच सीलची कातडी. ती बायका शिवत. सुई कातड्याच्या आरपार न जाऊ देता निम्म्या जाडीतून टाका घेत, म्हणजे टाक्याच्या भोकातून पाणी शिरत नाही.

माप फुटपट्टीने घ्यायचं नाही, अंगावरून घ्यायचं.

लांबी: दोन्ही हात पसरून होते ती वाव, तिच्या तिप्पट. वाव १७० सेंमी असेल तर नाव ५१० सेंमी.
रुंदी: बसल्यावर कमरेची रुंदी अधिक दोन मुठी. साधारण ५० ते ५५ सेंमी.
खोली: मूठ आणि वर ताठ केलेला अंगठा. १७-१८ सेंमीच्या आसपास.

बांधणीचा क्रम आपल्या होड्यांच्या उलटा आहे. कोकणात आधी पठाण (तळाचा कणा) टाकतात आणि तिथून वर चढतात. इथे आधी दोन काठपट्ट्या (नावेच्या दोन्ही वरच्या कडांच्या लांब पट्ट्या) ताणून डेकचा आराखडा पुरा करायचा, मग तो उपडा करून त्यात बरगड्या रोवायच्या. कणा त्यानंतर. ताकद कण्यात नसते, वरच्या दोन काठपट्ट्यांत असते. म्हणून लाकूड निवडताना पैसे तिथे घाला, बाकी ठिकाणी तडजोड चालते.

खाडीकाठ

वाचतोय. काठपट्टीला सागवान चालेल का? आमच्याकडे होडीसाठी दुसरं काही कुणी सुचवतच नाही.

सुतारपक्षी

खाडीकाठदादा, चालेल, पण गणित मांडून बघा. काठपट्टी ५.२ मीटर लांब, ६३ मिमी उंच, १९ मिमी जाड. दोन्ही मिळून साधारण ०.०१२५ घनमीटर लाकूड. सागाचं वजन घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, म्हणजे आठ किलो नुसत्या काठपट्ट्यांचे. स्प्रूस ४३० धरलं तर साडेपाच किलोच्या आत. वेस्टर्न रेड सीडर ३७० च्या आसपास, म्हणजे साडेचार-पावणेपाच किलो. अख्खी नाव १३ ते १६ किलोंत बसवायची असते, त्यात हा तीन किलोंचा फरक डोळ्यांत भरतो. सागाचा टिकाऊपणा खरा, पण ही नाव पाण्यात नांगरून ठेवायची नाही. काम झालं की खांद्यावर टाकून घरी आणायची, तेव्हा त्या टिकाऊपणाची किंमत वजनात कशाला मोजायची?

वखारीत आयात पाइन किंवा स्प्रूस मिळतो. तीन गोष्टी बघा. गाठी नकोतच, अगदीच असल्या तर सुपारीपेक्षा मोठ्या नकोत आणि कडेला तर मुळीच नकोत. नस पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. आणि दोन्ही काठपट्ट्या एकाच फळीतून, शेजारी-शेजारी चिरून घ्या. वेगवेगळ्या फळ्यांच्या घेतल्या तर एक जास्त वाकते, दुसरी कमी, आणि नाव जन्मभर एका बाजूला ओढते. नंतर कुणी कितीही वल्हवायला शिकवलं तरी ती ओढ जात नाही.

पाच मीटरची सलग फळी मिळणार नाही. तिरका सांधा द्या, जाडीच्या आठ ते दहा पट लांब, म्हणजे १९ मिमीला १५ ते १९ सेंमी. दोन्ही काठपट्ट्यांत सांधा एकाच अंतरावर ठेवा आणि मधल्या तिसऱ्या हिश्श्यात येऊ देऊ नका.

आडव्या दांड्या साल-कुसू करून बसवायच्या, म्हणजे काठपट्टीत खाच (साल) आणि दांडीच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ (कुसू). कुसू दोन सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वरून लाकडी खुंटी. काठपट्ट्या उभ्या नसतात, वरच्या बाजूला १५-१७ अंश बाहेर कललेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक साल त्या कोनात पाडावी लागते. गुण्या बाजूला ठेवून कोनमापी पट्टी घ्या. इथली घाई पुढे बरगड्या रोवताना अंगाशी येते.

उत्तरवारा

सुतारपक्षींच्या प्रतिसादाला पुरवणी. आडव्या दांड्यांत दोन नावं लक्षात ठेवा. मांड्यांवर येणारी कमानदार दांडी ती मासिक (नियतकालिक नव्हे, ग्रीनलंडी शब्द आहे) आणि पाठीमागची ती इस्सेरफिक. मासिक मांड्यांना जवळजवळ टेकली पाहिजे, कारण नाव कलती करणं आणि उलटल्यावर परत सुलटी करणं सगळं तिच्यावर मांडी दाबून होतं. फार उंच ठेवली तर माणूस नावेत नुसता बसलेला असतो, फार खाली ठेवली तर अर्ध्या तासात पाय बधिर. कमान कापण्याआधी जमिनीवर पाय पसरून बसा, टाचा जवळ, चवडे बाहेर, आणि मांड्यांवर जाड तार वाकवून तोच आकार घ्या.

बैठक कुठे, यात नवखे सगळ्यात जास्त चुकतात. बैठक पुढे सरकली तर नाळ जड होते, मागची बाजू हलकी पडते आणि वारा लागला की नाव तोंड वाऱ्याकडे वळवते. फार मागे गेली तर उलट, तोंड वाऱ्याबरोबर फिरतं. कापड शिवण्याआधी सांगाड्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद गुंडाळून शांत पाण्यात बसून बघता येतं. दोन माणसं धरायला हवीत आणि पाणी गुडघाभरच.

दर्यावर्दी७

बरगड्यांचं सांगा. सगळे म्हणतात तिथेच लाकडं मोडतात.

सुतारपक्षी

मोडतातच. २५ ते ३० लागतात, ४० चिरून ठेवा.

माप: दोन सूत जाड (६ मिमीच्या आसपास), १५ ते २० मिमी रुंद. दोन बरगड्यांमधलं अंतर १३ ते १५ सेंमी. परदेशात ओक किंवा ऍश वापरतात. आपल्याकडे तुतीचं लाकूड या कामाला चांगलं. जालंधरच्या हॉकी स्टिका त्याच लाकडाच्या वाकवतात. भट्टीत सुकवलेलं लाकूड घेऊ नका. एकदा भट्टीत कडक झालं की ते पाणी परत नीट पीत नाही आणि वाकवताना तंतू उचकटतात. हवेत वाळलेलं घ्या आणि वाकवण्याआधी चार-पाच दिवस पाण्यात बुडवून ठेवा.

चिरण्याआधी नस बघा. बरगडीच्या कडेकडून पाहिलं तर रेषा टोकापासून टोकापर्यंत कडेला समांतर जायला हवी. मध्येच तिरकी होऊन बाहेर पडत असेल तर ती पट्टी तिथेच मोडणार. वाफ कितीही द्या. शक्य असेल तिथे करवतीने चिरण्यापेक्षा पाचर ठोकून फाडलेली पट्टी घ्या. फाटताना लाकूड आपल्या नसेनेच फाटतं.

वाफेचा हिशेब: इंचभर जाडीला तासभर. दोन सूत म्हणजे पाव इंच, तेव्हा पंधरा मिनिटं पुरतात. जास्त वेळ ठेवल्याने फायदा नाही, लाकूड ठिसूळ होतं. पेटी साध्या फळ्यांची करा आणि एका टोकाला भोक उघडं ठेवा. पीव्हीसी पाइप वाफेने मऊ होऊन लोंबतो. प्रेशर कुकरला नळी लावणाऱ्यांनी एवढं पाळा: वाफ कुठेही कोंडता कामा नये. पेटीच नको असेल तर पत्र्याची पन्हळ घ्या, दोन्ही टोकं बंद करा आणि पाणी उकळत ठेवून त्यात पट्ट्या बुडवा. छोट्या कामाला हेच बरं.

बाहेर काढल्यावर हातात दहा-पंधरा सेकंद असतात. जाड हातमोजे घाला. पट्टीचा मधला भाग सपाट राहायला हवा आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ कोपरा पडायला हवा. त्यामुळे आधी एक कोपरा गुडघ्यावर घ्या, दोन्ही हातांचे अंगठे वळणाच्या आतून लावा आणि दाब हळूहळू सरकवत न्या. एकदम जोर लावला की वळणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक चर्रर आवाज येतो. तो आला की थांबा. तंतूची सालपटं उठली असतील तर ती पट्टी नाळेच्या किंवा मागच्या टोकाला, जिथे वळण कमी आहे तिथे वापरता येते. मग दुसरा कोपरा. हव्या त्या आकारापेक्षा थोडं जास्तच वाकवा, कारण सोडल्यावर पट्टी परत उघडते. टोकं काठपट्टीच्या खालच्या सालींत घुसवून लगेच कणा वर ठेवून बघा. एखादी बरगडी उंच राहिली तर कणा तिच्यावर टेकतो आणि शेजारच्या दोघी हवेत राहतात. गरम आहे तोवर ती दाबून खाली घ्या.

खाडीकाठ

तुती आमच्याकडे सहज मिळणार नाही. बांबू?

सुतारपक्षी

सिंधुदुर्गात माणगा भरपूर आहे. बहुतेक भरीव, काटे नसलेला आणि वाकणारा. चिरून बरगड्या करता येतील. तीन अटी आहेत. हिरवी साल वळणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, कारण चिवट तंतू सालीलगत दाट असतात आणि ताण बाहेरच्याच बाजूला येतो. पेर कोपऱ्याच्या वळणावर येऊ देऊ नका. आणि भुंग्याचा बंदोबस्त आधी करा. बांबूतल्या पिठावर तो येतो. बोरिक ऍसिड आणि बोरॅक्स १ ला १.५ या प्रमाणात, पाण्यात पाच-सहा टक्के, आठवडाभर बुडवा. मात्र हे मीठ पाण्याने धुपून जातं, तेव्हा वरून तेलाचा हात हवाच.

काठपट्टीला मात्र बांबू नको. कुसवासाठी खाचाच पाडता येत नाहीत नीट.

दर्यावर्दी७

एवढा दोऱ्याचा व्याप कशाला? इपॉक्सी आणि स्टीलचे स्क्रू लावले की एका दिवसात काम.

उत्तरवारा

एका दिवसात होईल आणि एका मोसमात सैल पडेल. लाटेवर ही नाव थोडी मुरडते, वाकते. चिकटवलेला सांधा ते सहन करत नाही, त्याच्या कडेलाच लाकूड चिरतं. सहा मिमीच्या बरगडीला स्क्रूचं भोक पाडलं तर उरतं काय? शिवाय भोकात पाणी मुरून तिथूनच कुजायला सुरुवात होते. दोऱ्याचा सांधा सरकतो आणि परत जागेवर येतो. आपल्या किनाऱ्यावरही काथ्याने शिवलेल्या फळ्यांची जहाजं याच समजुतीतून होती. २०२५ मध्ये नौदलात आलेलं, गोव्यात बांधलेलं कौंडिण्य त्याच रीतीचं आहे. फरक एवढाच की तिथे फळ्या शिवतात, इथे सांगाडा.

अपवाद: काठपट्टीचा तिरका सांधा इपॉक्सीने चिकटवायला हरकत नाही.

दोरा मेण लावलेला घ्या, नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर बरा, कारण नायलॉन भिजला की लांबतो. कण्याला आणि दोन बगलपट्ट्यांना (कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या) प्रत्येक बरगडीवर बांधायचं. सलग दोरा नेला तरी प्रत्येक बरगडीला अडकगाठ मारत जा, म्हणजे एके ठिकाणी तुटला तर एकच सांधा सुटतो. बांधत असताना दर चार बरगड्यांनी मागे जाऊन नाळेकडून एक डोळा मिटून बघा. मुरड दिसली तर तिरका दोरा घालून आत्ताच काढता येते. कापड चढल्यावर कुणाचा बाप काढू शकत नाही.

सांगाड्याला जवसाचं तेल, दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

दुहेरीटीप

कापडाबद्दल मी लिहिते, नाहीतर हा धागा सुतारांचाच होऊन बसेल.

दोन पर्याय. बॅलिस्टिक नायलॉन, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास: घासून फाटत नाही, पण दमट हवेत सैल पडतं. पॉलिएस्टर: इस्त्रीच्या उष्णतेने आकसून घट्ट बसतं, दमट हवेत तसंच राहतं, मात्र घासटीला थोडं कमी टिकतं. कोकणच्या हवेला मी पॉलिएस्टरच्या बाजूने आहे. सुती कॅनव्हासही चालायचं; ते ओलं झालं की आवळतं, पण जड आणि कुजणारं. कापड नावेपेक्षा फूटभर लांब, पन्हा दीड मीटर.

सांगाडा उपडा ठेवून कापड वर टाका आणि मधली रेघ कण्यावर जुळवा. दोन्ही टोकांना आधी खिसे शिवून घ्या, नाळेचा खिसा चढवा, मग मागचा खिसा ओढून ओढून चढवा. हा लांबीचा ताण सगळ्यात महत्त्वाचा. तो राहिला तर पुढे कितीही टाके घट्ट घाला, तळाला सुरकुत्या राहतात. नायलॉन असेल तर ओलं करून शिवा. ओलं असताना ते लांबतं, वाळताना आवळतं.

मग नाव सुलटी करून डेकच्या मधोमध शिवण. आधी दोन्ही बाजूंत नागमोडी दोरा ओवून, बुटाच्या नाडीसारखा, कापड जवळ ओढून घ्यायचं. मग जादाची कड कापून गरम सुरीने कडा वितळवायच्या, कडा आत दुमडायच्या आणि पाव इंचाचे टाके. एकदा जाऊन त्याच भोकांतून परत यायचं. चपटी शिवण हवी, उभी राहिली तर लेप तिथे पातळ होतो.

बैठकीची चौकट वाफवून वाकवलेली, लंबगोल. ती सांगाड्याला बांधत नाहीत. पुढे मासिकवर टेकते, मागे इस्सेरफिकवर, आणि शिवलेली असते फक्त कापडाला. म्हणून ती थोडी हलते. ते चुकलेलं नाही, तसंच हवं. भरीव वेतही चौकटीला चालतो.

लेप: दोन भागांचं पॉलियुरेथेन, एका नावेला दीड-दोन लिटर. एक हात ओढला की पूर्ण वाळायच्या आत दुसरा, असे तीन-चार. पावसाळ्यात हे काम काढूच नका. यातलं आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि लेपभर बारीक फोड येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं दव उडाल्यावर. आणि रसायनाचा मुखवटा, कापडी नव्हे. हा वास नाकाला फारसा झोंबत नाही म्हणून लोक गाफील राहतात.

खाडीकाठ

ताई, जुन्या कातड्याचं काय व्हायचं? तेही सैल पडत असेलच ना?

दुहेरीटीप

पडायचंच. सीलचं कातडं पाण्यात राहिलं की फुगतं, पाणी पितं. म्हणून दर काही दिवसांनी नाव बाहेर काढून वाळवायची आणि चरबी चोळायची. सततचं काम.

डावंवल्हं

वल्हं अजून कुणी घेतलं नाही, म्हणून.

ग्रीनलंडी वल्हं अरुंद असतं. लांबी: वाव अधिक कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात. १७० च्या वावेला २१५ सेंमी. पातं तेवढंच रुंद जेवढं अंगठा आणि बोटांच्या कवेत मावतं, ८ ते ९ सेंमी. मधली मूठ ४५ ते ५५ सेंमी. ३८ बाय ८९ मिमीचा सीडरचा एक सलग तुकडा पुरतो.

आधी चारही बाजूंना मधली रेघ आखा आणि ती शेवटपर्यंत रंध्याखाली जाऊ देऊ नका. पात्याची कड ५ मिमीपर्यंत, मूठ गोल नाही, अंडाकृती. पात्याच्या दोन बाजू सारख्या झाल्या नाहीत तर पाण्यात वल्हं फडफडतं. डोळ्यांना कळत नाही, बोटांत चिमटीने धरून सरकवत नेलं की कळतं.

मारताना पातं उभं घालायचं नाही. वरची कड किंचित पुढे कललेली ठेवा, मनगट सरळ, हात खाली, जवळजवळ पोटाशी. पातं आवाज न करता पाण्यात शिरायला हवं. चळक आवाज आला तर पात्याबरोबर हवा आत गेली, आणि हवेच्या बुडबुड्याला धरून ओढायला काही नसतं. रुंद युरोपीय वल्ह्याची सवय असलेले दंडाने ओढतात आणि "हे वल्हं निसटतं" म्हणतात. कड पुढे कलती करा, निसटणं थांबतं.

दर्यावर्दी७

आणि उलटल्यावर?

डावंवल्हं

ग्रीनलंडच्या स्पर्धांत तीसहून जास्त पलट्या (उलटलेली नाव आत बसूनच सुलटी करायचे प्रकार) असतात. वल्ह्याने, भाला फेकायच्या फळीने म्हणजे नॉरसाकने, नुसत्या हाताने, मुठीने. थंड पाण्यात नावेबाहेर पडणं म्हणजे मरण, आणि शिकाऱ्याच्या हातात वल्हं असेलच याचा नेम नाही, म्हणून इतके प्रकार.

पलटी आधी शिकू नका. आधी बाजूला पाठीवर पडून तरंगायला शिका: नाव कलती, पाठ पाण्यावर, तोंड आकाशाकडे, वल्हं पाण्यावर पसरून हळू मागे-पुढे. हे दहा मिनिटं जमलं की पलटी त्याचाच शेवट असते. वर येताना पाण्यातल्या बाजूची मांडी मासिकला वर दाबा, दुसरी मोकळी सोडा, अंग मागच्या डेकवर सरकवा, डोकं सगळ्यात शेवटी. दहातले नऊ जण डोकं आधी उचलतात. डोकं उचललं की पाण्यातल्या बाजूची तीच मांडी खाली दाबली जाते आणि नाव परत पालथी.

तिकडे याची तालीम दोन आडव्या ताणलेल्या दोऱ्यांवर अंगाला गुंडाळ्या घेत करतात. आपल्या दोरीच्या मल्लखांबाची दोरी टांगती, त्यांची आडवी; पण पोटाची आणि कमरेची मेहनत बघितली की भाऊबंद वाटतात.

उत्तरवारा

सुरक्षिततेचं राहिलं. या नावेत आत पडदे नसतात. पाणी भरलं तर दोनशे लिटरहून जास्त भरतं आणि मग ती माणसाला उचलतही नाही, रिकामीही होत नाही. पुढे आणि मागे हवेच्या पिशव्या भरल्याशिवाय पाण्यात उतरू नका. कमरेच्या झाकणाचा (पाणी आत शिरू नये म्हणून कमरेभोवती घालून चौकटीवर ताणायचं कापड) ओढायचा फास बाहेर दिसतो का, हे दर वेळी हात लावून तपासा; आत अडकला तर उलट्या नावेत शोधायला वेळ नसतो. पहिले चार-पाच दिवस कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी माणूस उभा ठेवून, नुसतं बाहेर पडायचा सराव.

अंगभर निओप्रीनचा तुइलिक (चौकटीला घट्ट बसणारा टोपीसकटचा अंगरखा) कोकणात घालू नका, उष्माघात होईल. पातळ कापडाचं कमरेचं झाकण, आकुइलिसाक, पुरे.

खाडीकाठ

खाडीत खडकांना कालवं चिकटलेली असतात. कापड टिकेल?

सुतारपक्षी

खडकावर आपटलं तर कापड आत दबतं आणि परत येतं, फायबरसारखं तडकत नाही. पण कालवाची कड सुरीसारखी असते. तिच्यावरून घसटत गेलं की सरळ चीर. त्यामुळे कण्याच्या रेघेवर बाहेरून कापडाची जादा पट्टी चिकटवा आणि उतरताना नाव ओढू नका, उचला. चीर पडलीच तर कोरडं करून जाड चिकटपट्टी, आतबाहेर दोन्हीकडून; घरी आल्यावर टाके आणि त्यावर लेप.

खाडीकाठ

आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा नाव ठेवायची कुठे?

दुहेरीटीप

छताला दोन रुंद पट्ट्यांत टांगा, टोकांपासून पाव लांबीवर, पालथी. भिंतीला टेकवून उभी ठेवली तर वाकते आणि जमिनीवर ठेवली तर वाळवी. आत हवा खेळू द्या, चौकटीवर झाकण घालू नका. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुतलीत तर टांगायच्या आधी आतलं पाणी पूर्ण निथळा, कारण लाकूड कुजतं ते गोड्या पाण्याने. जुलैत एकदा हात घालून कणा चाचपून बघा, बुरशी आधी तिथे धरते.